राक्षसाच्या यादीत दाभोळ

आषाढातली संध्याकाळ होती, लाइट गेलेले होते आणि दाभोळला आत्याच्या पडवीत आम्ही चुलीत भाजलेल्या आठळ्या सोलत बसलो होतो. खाडीच्या तोंडाशी समुद्राची गाज अशी चढली होती की मध्येच बोलणं थांबवून ती ओसरायची वाट बघावी लागत होती. अशा वेळी ज्या गोष्टी निघतात त्याच निघाल्या. चकव्याने रात्रभर एकाच शेतात फिरवलेला कोणाचा तरी काका झाला, पाण्यातला गिऱ्हा झाला, आणि माझी पाळी आली तेव्हा मी त्या दिवसांत वाचत होते त्या 'उश लुझीयादश' या पोर्तुगीज महाकाव्यातला राक्षस सांगायला घेतला. अदामास्तोर. वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेच्या टोकाकडे चाललेली, वारा चांगला, रात्र शांत, पहाऱ्यावरचे खलाशी निवांत. एकाएकी डोक्यावर काळा ढग येतो. समुद्र लांब कुठेतरी खडकावर आपटल्यासारखा गर्जतो. गामा देवाचा धावा करतो न करतो तोच समोर हवेत एक प्रचंड आकृती उभी राहते. दाढी मळकी, डोळे खोल गेलेले, रंग मातकट फिकट, केसांत माती भरलेली, तोंड काळं आणि दात पिवळे. आवाज समुद्राच्या तळातून यावा तसा. तो म्हणतो, हे माझं पाणी. इथे आजवर कोणी आलं नाही, तुम्ही मनाई मोडून आलात. आता याची किंमत काय पडेल तीही ऐकून जा.

टरफलं सुपात टाकत आत्या म्हणाली, "मग राक्षस कशाला म्हणतेस गो त्याला? राखणदार तो. शीव ओलांडायच्या आधी नारळ ठेवायचा असतो, तो ठेवलान् नसेल त्या गामाने." पोरं हसली. मग जरा वेळाने, गाज ओसरल्यावर, तिने विचारलं, "एवढं मोठं काव्य लिहिलंन्, इकडे येऊन राहिला होता म्हणतेस, तर आमच्या दाभोळचं नाव घेतलंन् की नाही त्यात?"

"बघून सांगते," मी म्हटलं.

प्रश्न तसा गमतीचाच. कोकणातल्या माणसाच्या हातात कुठलंही पुस्तक द्या, तो आधी आपल्या गावाचं नाव शोधणार. आणि दाभोळकरांचं दुखणं वेगळंच आहे. बाहेरच्या जगाला दाभोळ म्हटलं की वीज प्रकल्प आठवतो, जो मुळात खाडीच्या पलीकडे अंजनवेलच्या अंगाला आहे, आणि इकडे पहिला पाऊस पडला की मेणबत्त्या शोधाव्या लागतात. पण मला तो प्रश्न चिकटला तो वेगळ्या कारणाने. ते काव्य वाचताना आपण नेमक्या कुठे उभ्या आहोत हेच मला तोवर ठरवता आलं नव्हतं. ओळी जहाजावरून लिहिलेल्या आहेत, त्यामुळे वाचणारा आपोआप जहाजावर चढतो. भीती वाटते ती खलाशांबरोबर, ढग विरल्यावर हायसं वाटतं तेही त्यांच्याच बरोबर. मी तर त्या किनाऱ्यावरची, जिथे ती जहाजं पुढे येऊन थडकली. राक्षस तोंड उघडतो तेव्हा या काव्यात पहिल्यांदाच कोणीतरी किनाऱ्यावरून बोलतंय असं वाटतं. मला तो इतका का आवडला याचं उत्तर बहुतेक तेवढंच होतं.

त्याला घडवणारा कवी लुईश द कामोइंश १५५३ च्या मार्चमध्ये लिस्बनहून निघाला आणि सप्टेंबरात गोव्याला उतरला. उजवा डोळा त्याआधीच आफ्रिकेत, सेउताच्या बाजूला, लढाईत गेलेला. केप ऑफ गुड होपचं, आफ्रिकेच्या त्या टोकाचं, वळण त्याने नकाशावर बघून लिहिलेलं नाही, तिथल्या लाटा स्वतःच्या पोटात ढवळून घेतल्या आहेत. ज्या 'साव बेंतो' जहाजातून तो आला, तेच जहाज परतीच्या वाटेवर १५५४ साली आफ्रिकेच्या त्याच दक्षिण किनाऱ्यावर फुटलं. तेव्हा हा गोव्यातच होता, आणि गोव्यावर चिडलेलाही होता. ही नगरी नीच माणसांची आई आणि सज्जनांची सावत्र आई आहे, असं त्याने एका पत्रात लिहून ठेवलंय. त्याची पहिली छापील कविताही गोव्यातच निघाली, १५६३ मध्ये, गार्सिया द ओर्ताच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथात. हा ओर्ता म्हणजे ज्याच्याकडे मुंबई बेट खंडाने होतं तोच. म्हणजे मिरी, हिंग, आंबा, केळी यांच्या चर्चेत एका कवीची ओड, म्हणजे स्तुतिकविता, घुसवलेली, ग्रंथाला व्हाइसरॉयचा आशीर्वाद मिळावा म्हणून. मला हे फार ओळखीचं वाटतं. वशिल्याची कविता आपल्याकडेही काही कमी झाली नाही. पुढे हा माणूस मोझांबिकमध्ये कफल्लक होऊन अडकला, मित्रांनी वर्गणी काढून त्याला नेला, आणि १५७२ मध्ये दहा सर्गांचं, ११०२ कडव्यांचं हे महाकाव्य, 'उश लुझीयादश', छापून आलं. आठ वर्षांनी तो वारला. जुन्या गोव्यात त्याचा ब्राँझचा पुतळा आहे. पोर्तुगीज राजवटीच्या अखेरीस, १९६० मध्ये, चर्चांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभा केलेला, पुढे विरोध झाल्यावर उचलून पुरातत्त्व खात्याच्या संग्रहालयात आत नेलेला. मी गेले तेव्हा तिथल्या राखणदाराने (हा पगारी राखणदार) एका वाक्यात त्याचं चरित्र सांगितलं होतं, "पयलीं भायर आसलो, मागीर भितर हाडलो."

राक्षस येतो पाचव्या सर्गात, ३७ ते ६० या कडव्यांत. काव्याच्या बरोबर मध्यावर. हे सगळं गामा स्वतः पूर्व आफ्रिकेतल्या मालिंदीच्या राजाला सांगतोय, अशी मांडणी आहे, आणि मालिंदीचं मोम्बासाशी हाडवैर, हे ध्यानात ठेवलं तर पुढे राक्षस मोम्बासाच्या विध्वंसाचं भाकीत करतो तेव्हा त्या राजाला मनातून काय गुदगुल्या झाल्या असतील ते कळतं. पण मला त्या २४ कडव्यांपेक्षाही त्यांच्या मागचा-पुढचा मजकूर अस्वस्थ करतो. लोक राक्षस तेवढा कापून घेतात आणि संकलनात लावतात. त्याच्या अगदी आधी काय आहे? जहाजं एका उपसागरात थांबलीत. खलाशी डोंगरातून एका माणसाला पकडून आणतात. तो मधाच्या पोळ्या गोळा करत होता. गामा त्याच्यापुढे सोनं ठेवतो, चांदी ठेवतो, तिखट मसाले ठेवतो. तो ढिम्म. मग काचमणी, घुंगरं आणि एक लाल टोपी दाखवतात, तेव्हा त्याचा चेहरा खुलतो. त्याला सोडून देतात. दुसऱ्या दिवशी त्याची माणसं आणखी वस्तूंसाठी खाली येतात, एक खलाशी फुशारकी मारत त्यांच्याबरोबर आत जातो आणि थोड्या वेळाने टेकडीवरून जीव मुठीत धरून पळत सुटतो. दगड, बाण. गामाच्या पायाला बाण लागतो. जहाजावर या पळपुट्याची टिंगल होते, नांगर उचलतात, पाच सूर्य मावळतात आणि राक्षस उभा राहतो.

मध काढणारा माणूस, आणि लगेच राक्षस.

आणि पुढचं? त्याच सर्गात, राक्षस गेल्यावर काही कडव्यांनी, खलाशांना स्कर्व्ही होतो. हिरड्या सुजतात, तोंडातलं मांस वाढत जातं आणि वाढता वाढता तिथेच सडतं, त्याचा दर्प आसपासच्या हवेला लागतो, जहाजावर ना वैद्य ना शस्त्रक्रिया करणारा. हे वाचून मी परत मागे गेले. काळं तोंड, पिवळे दात, खोल गेलेले डोळे, फिकट मातकट कातडी. हा चेहरा आफ्रिकेचा नाहीच. महिनोन् महिने खारवलेलं मांस आणि किडकी बिस्किटं खाल्लेल्या पोर्तुगीज खलाशाचा आहे, फक्त डोंगराएवढा वाढवलेला. टीकाकार त्याच्यात ग्रीक दैत्य बघतात, ऱ्होड्सचा पुतळा बघतात, आणि ते कवीनेच सुचवलंय म्हणून चूक नाही. पण ज्याने सहा महिने त्या डेकवर काढले, त्याला भीतीचा चेहरा शोधायला होमरपर्यंत जायची गरज पडली नसेल. शेजारच्या बिछान्यावर बघितलं की झालं.

आता त्याचे शाप. तीन आहेत, आणि तिन्ही माणसं खरी आहेत. १५७२ च्या वाचकासाठी ते भाकीत नव्हतंच, आजीच्या तोंडून ऐकलेल्या बातम्या होत्या. पहिला बार्तोलोमेउ दियश, १४८८ मध्ये हे टोक ज्याने पहिल्यांदा ओलांडलं. ज्याने मला शोधून काढलं त्याच्यावर सूड उगवीन, असं राक्षस म्हणतो, आणि खरोखरच १५०० च्या मे महिन्यात त्या समुद्रात वादळ होऊन चार जहाजं बुडाली, त्यांत दियश होता. तिसरी गोष्ट मानुएल द सोझा सेपुल्वेदा आणि त्याची बायको लिओनोर यांची. १५५२ मध्ये कोचीनहून मिऱ्यांनी खचाखच भरलेलं जहाज निघालं आणि आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यावर फुटलं. वाचलेली माणसं किनाऱ्याने चालत सुटली. वाटेत त्यांची शस्त्रं गेली, अन्न गेलं, शेवटी अंगावरचे कपडेही काढून घेतले गेले. लिओनोरने वाळूत खड्डा केला, कमरेपर्यंत स्वतःला पुरून घेतलं, वरचं अंग मोकळ्या केसांनी झाकलं आणि तिथून उठली नाही. मुलं गेली, ती गेली. नवऱ्याने त्यांना हातांनी वाळू उकरून पुरलं आणि रानात चालता झाला. कामोइंश गोव्यात उतरला तेव्हा ही बातमी ताजी होती. त्या मिऱ्यांच्या ढिगापुढे, मसाला पुढे केल्यावर ढिम्म बसलेला तो मधवाला मला आठवत राहतो.

मधला, दुसरा शाप फ्रान्सिस्को द आल्मेइदावर. पोर्तुगीजांचा इथला पहिला व्हाइसरॉय. राक्षस म्हणतो, कीर्तीने आभाळाला हात लावणाऱ्या त्या पहिल्या थोर पुरुषाची मी कायमची कबर होईन, तुर्की आरमारावर मिळवलेली विजयचिन्हं तो इथे ठेवून जाईल, आणि त्याने केलेल्या नुकसानाचा जाब विचारायला माझ्याबरोबर उद्ध्वस्त किल्वा उभं आहे, मोम्बासा उभं आहे. या ओळीवर मी थबकले. किल्वा आणि मोम्बासा ही पूर्व आफ्रिकेची बंदरं आल्मेइदाने १५०५ मध्ये, हिंदुस्थानात येता येता लुटली. जिंकणाऱ्यांच्या महाकाव्यात लुटलेल्या शहरांची नावं घेऊन जाब विचारणारं कोणीतरी आहे! मग माझं बोट ओळीवरून पुढे सरकलं, आत्याच्या प्रश्नासाठी. किल्वा, मोम्बासा. कडवं संपलं.

दाभोळ नाही.

खरं तर हिशेबाने यायलाच हवं होतं, कारण आल्मेइदाची गोष्ट आपल्याच किनाऱ्यावर वळण घेते. १५०८ च्या मार्चमध्ये चौलच्या खाडीत त्याचा मुलगा लोरेन्सो इजिप्तच्या मामलुक सुलतानांच्या आणि दीवचा सुभेदार मलिक अयाझ याच्या आरमाराच्या तावडीत सापडला. निसटून जाता जाता त्याचं जहाज मासेमारीसाठी खाडीत रोवलेल्या खुंटांमध्ये अडकलं. ज्याने रेवदंडा, चौलकडच्या खाड्या पाहिल्यात त्याला हे डोळ्यांपुढे आणायला त्रास पडणार नाही. ओहोटीला उघडे पडणारे, शेवाळाने काळे झालेले, जाळी बांधायचे ते लाकडी खुंट. कोणा कोळ्याने आपल्या रोजच्या बोंबील-कोलंबीसाठी ठोकलेले, आणि त्यांनी व्हाइसरॉयच्या मुलाचं जहाज धरून ठेवलं. तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय गेला, तर तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला, दुसऱ्या गोळ्याने संपला. बापाला बातमी कळल्यावर तो म्हणे एवढंच बोलला की ज्याने पिल्लू खाल्लं त्याने आता कोंबडाही खावा, नाहीतर मोल भरावं. त्याला सूड घ्यायचा होता दीववर. पण दीवला जाता जाता, १५०८ च्या डिसेंबरअखेर, तो वाशिष्ठीच्या मुखातून आत शिरला. दाभोळ तेव्हा आदिलशाहीचं भरभराटीचं बंदर होतं. चौलच्या लढाईशी या गावाचा काय संबंध, हे विचारायला कोणी जागा ठेवली नाही. तटावर तोफा होत्या, त्या चुकवून माणसं उतरवली आणि मग कापाकापी झाली, बायका, मुलं, गुरंढोरं काही बघितलं नाही. मग आग. आज खाडीकाठी जी घुमटाची दगडी मशीद लोक बघायला जातात ती फार नंतरची, सतराव्या शतकातली. १५०८ चं दाभोळ बघायला मिळत नाही.

फिरंग्यांचा कोप दाभोळवर झाला तसा तुझ्यावर होवो, असा शाप त्यानंतर लोकांच्या तोंडी बसला, हे पोर्तुगीज इतिहासकारांनीच लिहून ठेवलंय. म्हणजे राक्षसाच्या शापात दाभोळ नसलं तरी लोकांच्या शापात होतं. फोनवर आत्याला हे सांगितलं तर ती म्हणाली, "असलं काही आमच्याकडे कोणी म्हणत नाही बाई. आमच्याकडे मेल्या, मुडद्या एवढंच." मग दोन क्षण थांबून, "पण काव्यात नाहीच का?"

आहे. शोधत शोधत दहाव्या सर्गापर्यंत जावं लागलं. तिथे प्रेमाच्या बेटावर मेजवानी चाललीय, दमलेल्या खलाशांना देवीने अप्सरा बहाल केल्यात, आणि एक अप्सरा पुढे होणाऱ्या पराक्रमांचं गाणं म्हणतेय. चौलचं मरण येतं, डोलकाठीशी बसलेला पोर येतो. मग बाप येतो, डोळ्यांवर दुःखाची आणि संतापाची झापडं लावून. आणि उपमा अशी: माजावर आलेला बैल खऱ्या झुंजीच्या आधी ओकच्या नाहीतर बीचच्या बुंध्यावर शिंगं घासून बघतो, हवेत ढुशा मारून ताकद अजमावतो, तसा हा संतापलेला फ्रान्सिस्को खंबायतच्या आखातात शिरण्याआधी ऐश्वर्यशाली दाभोळ नगरीवर तलवारीला धार लावतो, आणि तिची फुगलेली गुर्मी उतरवतो. चार ओळी. पुढच्या कडव्यात दीव सुरू.

मी हे आत्याला जसंच्या तसं वाचून दाखवलं. "ऐश्वर्यशाली म्हटलंन् ना?" तिने आधी तेवढंच विचारलं, आणि तिला बरं वाटलं हे मला फोनवरही कळलं. मग म्हणाली, "आणि गुर्मी कसली गो आमची? आम्ही घरात होतो." पाचशे वर्षांपूर्वीच्या दाभोळबद्दल ती 'आम्ही' म्हणते. तिचं माहेरही तिथलं नाही.

बैलाची उपमा उत्तम आहे, हेच तर अवघड आहे. कोकणात बैल, रेडा, कोणीही गोठ्याच्या खांबावर शिंगं घासतो, आणि खांबाच्या त्या जागेची साल निघून आतलं लाकूड गुळगुळीत होतं, हात लावला तर तेलकट लागतं. कवीने हे नीट बघितलेलं आहे. फक्त त्याच्या उपमेत बैल जिवंत आहे, डोळ्यांत रक्त उतरलेला, श्वासाचा आवाज येणारा, आणि दाभोळ म्हणजे लाकूड. किल्वा आणि मोम्बासाच्या वाट्याला निदान राक्षसाचा आवाज आला. आमच्या वाट्याला बुंधा. मी रागावून पुस्तक मिटायला हवं होतं. ते न करता मी पुन्हा पाचव्या सर्गाकडे गेले, कारण त्या राक्षसाची उरलेली अर्धी गोष्ट मला परत वाचायची होती. हे असं होतं खरं. ज्याने आपलं घर जळतं ठेवून पुढचं कडवं सुरू केलं, त्याच्याच ओळी आपण रात्री दिवा लावून वाचतो.

उरलेली अर्धी गोष्ट प्रेमाची आहे. शाप ऐकून गामा मध्येच विचारतो, तू आहेस तरी कोण? आणि तो अवाढव्य प्राणी एकदम गडबडतो. तोंड वेडंवाकडं करतो, जड, कडवट आवाजात सांगतो की मी ते टोक आहे, ज्याला तुम्ही वादळांचं टोक म्हणता, टॉलेमी, प्लिनी या जुन्या पंडितांनाही जे कळलं नव्हतं. देवांशी लढलेल्या दैत्यांपैकी मी एक. माझं मन थेटिसवर, सागरदेवतेवर जडलं. एकदा किनाऱ्यावर समुद्रदेव नेरेउसच्या मुलींबरोबर विवस्त्र चालताना बघितली आणि मग दुसरं काही नकोसंच झालं. आपण कुरूप आहोत हे त्याला माहीत आहे, म्हणून तो तिच्या आईकडून, दोरिसकडून, निरोप पाठवतो. नाही दिली तर लढाई करीन अशी धमकीही त्यात आहे. थेटिसचं हसून आलेलं उत्तर असं, एका अप्सरेचं प्रेम एका राक्षसाला पुरावं तरी कसं? तरी ती काहीतरी तोडगा काढेल म्हणते. आणि एका रात्री ती त्याला दूर एकटी दिसते, गोरीपान. तो वेड्यासारखा धावतो, मिठी मारतो, डोळ्यांवर, गालांवर, केसांवर चुंबनं घेतो. आणि त्याच्या मिठीत असतो झाडोऱ्याने भरलेला एक खडकाळ डोंगर. तिचं तोंड समजून त्याने कड्याला धरलंय. तिथून पुढे तो माणूस राहत नाही. मुका, निश्चल, एका कातळाला लागून दुसरा कातळ होतो. मांसाची माती होते, हाडांचे दगड होतात, अंग समुद्रात लांबवर पसरतं. आणि शिक्षा पुरी व्हावी म्हणून थेटिस पाणी होऊन त्याच्या भोवती फिरत राहते.

एवढं सांगून तो रडतो. भेसूर रडतो, आणि नाहीसा होतो. कोणी त्याला मारत नाही. माझ्या भाच्याला पडवीत हेच पटलं नव्हतं, राक्षस आहे तर वध पाहिजे.

हे कडवं मी कितीही वेळा वाचलं तरी माझा राग तिथे विरघळतो, आणि विरघळला म्हणून नंतर पुन्हा येतो. कारण बघा ना. तो बोलायला उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे तक्रार होती. तुम्ही आलात, तुम्ही लुटलंत, किल्वा, मोम्बासा. एका प्रश्नात त्याने ती खाली ठेवली आणि स्वतःच्या फसलेल्या प्रेमाची कहाणी सुरू केली. गामा काही बोलत नाही, त्याला बोलावंच लागत नाही. दुःखी राक्षसाची कीव करून जहाज पुढे जातं. कवी म्हणून ही चलाखी आहे, आणि कवी म्हणून हेच त्याचं मोठेपणही आहे, दोन्ही एकाच कडव्यात. आणखी एक गोष्ट मला उशिरा दिसली. लिओनोरचा नवरा खऱ्या वृत्तान्तात तिला पुरून एकटाच रानात गेला. राक्षसाच्या तोंडच्या भाकितात मात्र ती दोघं एकमेकांच्या मिठीत प्राण सोडतात. ज्याची स्वतःची मिठी दगडावर पडली, त्याने शाप देता देता शत्रूच्या जोडप्याला तेवढं देऊन टाकलं. हे कामोइंशने ठरवून केलं की त्याच्या हातून झालं, कोण जाणे. मला ते दिसल्यापासून त्या पिवळ्या दातांच्या तोंडाकडे नुसतं भीतीने बघता येत नाही.

लिस्बनमध्ये सांता कातारिनाच्या टेकडीवर त्याचा दगडी पुतळा आहे, १९२७ चा, खडकातून अर्धवट बाहेर आलेला, आणि संध्याकाळी तिथे तरुण पोरं बिअर घेऊन नदीकडे तोंड करून बसतात. त्या जागेलाच सगळे अदामास्तोर म्हणतात. दक्षिण आफ्रिकेत गोऱ्या कवींनी त्याला आपल्या अपराधी भीतीचं नाव दिलं, आणि कादंबरीकार आंद्रे ब्रिंकने १९९३ मध्ये त्याला चक्क तिथल्या खोइखोइ टोळीचा नायक करून गोष्ट उलट्या बाजूने सांगितली. ती उलटी बाजू खरं तर मूळ काव्यातही आहे, फक्त पाच सर्ग पुढे. दाभोळनंतर, दीवच्या विजयानंतर, ती अप्सरा गाता गाता हळहळते. सगळ्या हिंदुस्थानाला आणि इजिप्तला जे जमलं नाही ते वादळांचं टोक करेल, म्हणते, आणि मग खरं सांगून टाकते. तिथली रानटी माणसं करतील. कसलेल्या शत्रूंना, धनुष्यांना, तोफगोळ्यांना जे जमलं नाही, ते आगीत भाजून टोक काढलेल्या ओबडधोबड काठ्या करतील.

काठ्या. राक्षस नाही.

दाभोळ जळाल्याला चौदा महिने झाले होते. कोचीनहून पोर्तुगालकडे निघालेल्या आल्मेइदाची तीन जहाजं पाणी भरायला आजच्या केप टाउनच्या उपसागरात थांबली, मागे तो सपाट माथ्याचा डोंगर. खलाशांनी किनाऱ्यावरच्या खोइखोइंशी वस्तूंची अदलाबदल केली, त्यातून भांडण झालं, काही जण मार खाऊन परत आले. जहाजावरच्या अधिकाऱ्यांना हा अपमान वाटला. म्हाताऱ्या व्हाइसरॉयचं मन नव्हतं असं म्हणतात, पण तो उतरला. १ मार्च १५१० च्या पहाटे दीडशेच्या आसपास माणसं वस्तीवर गेली, गुरं हाकलून आणली आणि मुलं उचलली. तेव्हा गुराखी खाली आले. त्यांची गुरं शिट्टीवर चालणारी होती. शिट्टी झाली की थांबायची, शिट्टी झाली की उधळायची, आणि त्या शिंगांच्या आडून दगड आणि काठ्या येत होत्या. पोर्तुगीज मागे सरत वाळूवर आले तर होड्या ठेवल्या होत्या तिथे नव्हत्या, वाऱ्यामुळे दुसरीकडे हलवलेल्या. मऊ वाळूत पाय रुतत होते. साठाहून जास्त माणसं पडली, त्यांत अकरा कप्तान. आल्मेइदाच्या गळ्यात काठी घुसली. उरलेल्यांनी नंतर परत येऊन त्याला तिथेच पुरलं आणि शिडं उभारली. पुढे कित्येक वर्षं पोर्तुगीज जहाजं त्या उपसागरात थांबायचं टाळत राहिली, पाण्यासाठी सरळ मोझांबिकपर्यंत जात. राक्षस छापून आला तो या लढाईनंतर साठेक वर्षांनी.